दुसऱ्या ब्रेकचा माणूस

मोटार शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा, एवढंच त्याचं काम. पण असा ब्रेक एखाद्याच्या पायाखाली उभं आयुष्य राहिला, तर तो हळूहळू पायातून वर चढतो, डोक्यात जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. आमच्या गावात मोटार शिकवणाऱ्या सरांचं असंच झालं होतं.

बायको भात वाढताना डाव जरा जास्त भरला, तर सर ‘पुरे’ म्हणत नसत. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय धप्पकन आपटे आणि बायको हात आखडता घेई. सिनेमात नायक चुकीच्या बाईच्या प्रेमात पडू लागला की सरांच्या पुढच्या खुर्चीवर बसलेल्या इसमाला लाथ बसे. मुलीच्या लग्नात व्याही भाषणाला उभे राहिले आणि आवरेनात, तेव्हा सरांनी इतक्या वेळा पाय दाबला की व्यासपीठाची एक फळी निखळली आणि व्याही अर्ध्या वाक्यात गुडघ्यापर्यंत खाली गेले. भाषण थांबलं. ब्रेक उशिरा लागला पण लागला, असं सरांचं आजही मत आहे. व्याह्यांचं वेगळं आहे.

तोंडावर सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. पाठ फिरली की ‘डबल ब्रेक’. गावात जो कोणी मोटार चालवतो तो त्यांच्याच हाताखालून गेलेला, त्यामुळे पाठीमागे बोलणाऱ्यांची संख्या बरीच होती.

आता ‘नळी’बद्दल सांगायला हवं. वरचं गाव आणि खालचा चौक यांना जोडणारा हा एक उतरता रस्ता. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला बर्फाच्या कारखान्याची. दोन्ही भिंती एकमेकींशी भांडून शेजारी राहायला आल्यासारख्या समोरासमोर उभ्या. मोटारींना नळीतून फक्त उतरायची परवानगी, सायकलींना दोन्हीकडून. एक मोटार जाते, आणि तिच्या शेजारून एक सायकल जाऊ शकते, पण त्यासाठी दोन्ही चालकांनी एकाच वेळी श्वास आत ओढून धरावा लागतो.

या नळीसाठी सरांनी एक पद्धत बसवली होती. समोर सायकल दिसली की तीन हॉर्न. “पहिला म्हणजे, मी आलोय. दुसरा म्हणजे, तू अजून इथंच? तिसरा म्हणजे, आता तुझं तू बघ.” तिसऱ्या हॉर्ननंतर हातभर फट दिसली की गाडी काढायची. सायकलवाला आपोआप भिंतीला लागतो, त्याला वेगळं सांगावं लागत नाही. सगळं गाव सरांकडे शिकलेलं असल्यामुळे नळीत दिवसभर तीन-तीन हॉर्न वाजत. शाळेतल्या मास्तरांनी तीनचा पाढा शिकवणंच सोडून दिलं होतं. तो खिडकीतून येतच होता.

सरांची मेहुणी नर्स. घरोघरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, इंजेक्शनं देणं, सगळं सायकलवरून. एके दिवशी ती कोपराला स्वतःच पट्टी बांधून बहिणीच्या घरी आली.

“भावजी, तुमच्या विद्यार्थ्याने आज मला नळीत भिंतीला चिकटवलं. पोस्टरसारखं.”

सरांनी वर्तमानपत्र खाली केलं. “कितव्या हॉर्नला?”

“तिसऱ्या.”

“मग बरोबर केलं त्याने.”

त्या दिवसापासून मेहुणी सरांशी थेट बोलेनाशी झाली. एकाच टेबलावर जेवायला बसली तरी म्हणे, “ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, मीठ इकडे सरकवा.” सर मीठ सरकवत आणि बायकोला म्हणत, “सांग तिला, सरकवलं.” बायको दोघांचं म्हणणं दोघांना पोचवी आणि जेवण गार होई.

अशात परिवहन कार्यालयाचा हुकूम निघाला. अरुंद रस्त्यांवर मोटारी आणि सायकली यांच्यात गोडी नांदावी, म्हणून यापुढे मोटार शिकवण्याच्या परवान्याचं नूतनीकरण करताना शिकवणाऱ्याने स्वतः सायकलवरून भर रहदारीत नळी पार करून दाखवायची. वाटेत पाय टेकता कामा नये. चौकात कारंज्यापाशी थांबायचं. जमलं नाही तर परवाना रद्द आणि मोटार शिकवायची शाळा बंद.

बायकोने हुकूम वाचला आणि बाजूला ठेवला. “त्यात काय एवढं? सायकल चालवून दाखवायची.”

टेबलाखाली पाय आपटला.

बायकोने मान वर केली. “म्हणजे? येत नाही तुम्हाला?”

पुन्हा पाय आपटला.

“अगं बाई! आणि इतकी वर्षं सायकलवाल्यांना अक्कल शिकवताय?”

यावर सरांनी पाय आपटला नाही, कारण दाबायला ब्रेक शिल्लक नव्हता. शाळा बंद झाली तर करायचं काय, याचा विचार त्यांनी करून पाहिला. दुसरं काही येत नव्हतं. खरं सांगायचं तर मोटार चालवणंही ते विसरत चालले होते. गेली कित्येक वर्षं ते फक्त मोटारी थांबवत होते.

गावात सायकल शिकवू शकेल आणि बाहेर ताकास तूर लागू देणार नाही, अशी एकच व्यक्ती होती. बायकोने निरोप पोचवला. मेहुणी आली, खुर्ची ओढून सरांच्या समोर बसली आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्याशी थेट बोलली.

“मला मॅडम म्हणावं लागेल.”

“बघू.”

“मग परीक्षेत बघू.”

“हो, मॅडम,” सर म्हणाले.

शिकवणी बाजारामागच्या मैदानात सकाळी सकाळी सुरू झाली. मेहुणी सीट धरून मागून पळायची, सर पुढे “सोडू नकोस, सोडू नकोस” असं ओरडायचे, आणि मैदानावर फिरायला येणारे आजोबा लोक आपला फेरफटका थांबवून कठड्यावर ओळीने बसायचे. चांगल्या जागेसाठी ते लवकर यायला लागले. सर पडले की त्यातले एक-दोघं टाळ्या वाजवत. टिंगल नव्हती ती. पडण्यात खरोखरच प्रगती होत होती.

तोल सावरायला लागला तसा सरांचा जीव वेगळ्याच कारणाने कासावीस झाला. या वाहनाला दुसरा ब्रेक नव्हता. चूक झाली तर थांबवणार कोण? ते सायकल दुरुस्तीवाल्याकडे गेले.

“कॅरिअरवर बसणाऱ्यासाठी एक ब्रेक बसवून द्या.”

दुरुस्तीवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. “सर, कॅरिअरवर पिशवी ठेवतात. भाजीची.”

“माझ्या कॅरिअरवर मॅडम बसतील.”

“मॅडम कोण?”

“मेहुणी.”

दुरुस्तीवाल्याने पुढचं काही विचारलं नाही. लांब केबल ओढून त्याने कॅरिअरच्या बाजूला एक मूठ बसवून दिली. आता सर पुढे आणि मेहुणी मागे मूठ धरून, अशी वरात मैदानात फिरू लागली. कठड्यावर जागा पुरेना.

इथे एक गोष्ट लक्षात आली. मैदानाच्या टोकाला कुंपण आलं की सरांचा उजवा पाय सवयीने, जिवाच्या आकांताने, खाली जाई. मोटारीत असं केलं की गाडी थांबते. सायकलीत पायाखाली पॅडल असतं. सर जितके घाबरून ब्रेक दाबत तितकी सायकल जोरात कुंपणाकडे झेप घेई.

“भावजी, पायाने नाही! हाताने! हाताने!”

“दाबतोय ना!”

“तेच नका दाबू!”

शेवटी मागची मूठ मेहुणीच दाबायची आणि सायकल कुंपणाला नाक लावून उभी राहायची. असं रोज झालं. वळणं जमली, एका हाताने इशारा देणं जमलं, पण थांबणं काही सरांच्या वाट्याला आलंच नाही; ते काम परस्पर होत होतं.

“आणि नळीत भिंतीला चिकटून जायचं नाही,” मेहुणी म्हणाली. “मधोमध चालवायची. कडेला गेलात की मागच्याला वाटतं जागा आहे. जागा नसते. ती त्याच्या डोक्यात असते.”

सरांनी हँडल उगाचच सरळ केलं.

“कोणी घातली त्याच्या डोक्यात?”

“मी,” सर कुंपणाकडे बघत म्हणाले.

“मी काय?”

“मी, मॅडम.”

परीक्षेच्या दिवशी नळीच्या वरच्या तोंडाशी परीक्षक साहेब उभे होते. धिप्पाड गृहस्थ, चेहरा सरकारी भिंतीच्या रंगाचा. या साहेबांना हसताना पाहिलेला माणूस कार्यालयात नव्हता आणि घरी विचारायची कोणाची छाती नव्हती. हुकूम मोटारीच्या परीक्षेवरून जसाच्या तसा उतरवलेला असल्यामुळे त्यात एक कलम होतं: परीक्षक उमेदवाराच्याच वाहनात बसेल. शेजारच्या गावांतून आलेले दोन उमेदवार कॅरिअर नसलेल्या सायकली घेऊन आले होते. साहेबांनी त्यांना परत पाठवलं. मग ते सरांच्या सायकलीभोवती फिरले, एक पाय टाकून मागे बसले, आणि टायरने उसासा सोडला.

“हे काय?” साहेबांच्या हाताला मूठ लागली होती.

“दुसरा ब्रेक, साहेब.”

साहेब मुठीकडे बघत राहिले. आयुष्यभर परीक्षकाच्या जागेवर बसून त्यांनी लोकांच्या हातात आपला जीव दिला होता. कोणी त्यांचा असा विचार केला नव्हता. “व्यवस्था चांगली आहे,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “पण नियम माहीत आहे ना? मी हा दाबला की तुम्ही नापास.”

माहीत नसायला काय झालं! हा नियम सरांनीच अख्ख्या गावाला पाठ करून दिला होता. त्यांनी मागे वळून मुठीकडे पाहिलं. आजवर त्यांना थांबवलं होतं ते मागच्याच मुठीने.

पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं, कारण मागे साहेब होते. सरांनी पॅडल मारलं. साहेबांच्या वजनाने पुढचं चाक क्षणभर हवेत उठलं, मग विचार बदलून खाली आलं, आणि सायकल नळीत शिरली.

पहिला हॉर्न लगेच वाजला.

सायकल डावीकडे गेली, उजवीकडे गेली, शाळेच्या भिंतीला खांदा घासून परत आली.

“पाय टेकला?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब, भिंत टेकली.”

“भिंतीचा उल्लेख हुकुमात नाही. चला.”

दुसरा हॉर्न. मागे टॅक्सी होती, आणि टॅक्सीवाला आता काय करणार हे सरांना पायरीपायरीने माहीत होतं, कारण ते त्यांनीच शिकवलं होतं. आता तो स्टिअरिंग किंचित फिरवेल. आता फट मोजेल. आता तिसरा देईल. सरांच्या मानेवर घाम फुटला, आणि या घामात, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांना आपली पद्धत मागून ऐकू आली. मोटारीत बसून ती फार सुटसुटीत वाटायची.

त्यांनी सायकल मधोमध घेतली.

“ओ काका!” टॅक्सीवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. “भिंतीला घ्या की जरा!”

“नाही घेणार!” सर मागे न बघता ओरडले. “आणि दोन हॉर्नांच्या मध्ये दम कोण घेणार? तुझा बाप?”

हे वाक्य टॅक्सीवाल्याने शिकताना रोज ऐकलं होतं. मग बारीक आवाज आला. “सर?”

“समोर बघ!”

“समोर तुम्हीच आहात, सर.”

“मग माझ्याकडे बघ! पहिल्या गिअरवर ये. हॉर्नवरचा हात काढ. अंतर ठेव, अंतर! माझ्या मागे कोण बसलंय दिसतंय ना?”

“साहेब आहेत, सर.”

“मग!”

टॅक्सीवाल्याने मागच्या गाडीतल्या, दातांच्या डॉक्टरीणबाईंना ओरडून सांगितलं, “पुढे सर आहेत! सायकलवर!” डॉक्टरीणबाईंनी ते मागच्या पावाच्या गाडीला सांगितलं, आणि बातमी नळीभर वर पसरत गेली. सगळे सरांचेच विद्यार्थी. गुरू दिसले तर नमस्कार करायला हवा, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर असताना नमस्काराची एकच रीत त्यांना ठाऊक होती. सगळ्यांनी मिळून तीन-तीन हॉर्न दिले.

सायकल अशी थरथरली की साहेबांनी सरांच्या कमरेला मिठी मारली.

“साहेब, हलू नका!”

“मी हलत नाही. मी डुलतोय,” साहेब म्हणाले, आणि त्यांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. सरांना वाटलं, साहेबांना ठसका लागला. साहेब हसत होते. सराव नसल्यामुळे ते तसं ऐकू येत होतं.

शाळेच्या खिडक्या पोरांनी भरल्या. बर्फाच्या कारखान्यातले कामगार भिंतीवर चढले. “डबल ब्रेक! डबल ब्रेक!” असा घोष सुरू झाला, आणि ज्या नावाने लोक मागे कुजबुजतात ते नाव एवढ्या प्रेमाने घेता येतं, याचं सरांना भर वाकड्यातिकड्या चाकावरही नवल वाटलं. मागे टॅक्सी, डॉक्टरीणबाई, पावाची गाडी आणि त्यामागचं सगळं गाव सायकलच्या वेगाने, अंतर ठेवून, पालखी चालावी तसं हळूहळू उतरत होतं.

आणि मग नळी संपली. उतार चौकात उतरला, मधे कारंजं, कारंज्याशेजारी बायको आणि मेहुणी.

“थांबा,” साहेब म्हणाले.

सरांनी ब्रेक दाबला. म्हणजे पाय दाबला. सायकलीने उसळी घेतली आणि ती कारंज्याला वळसा घालून सुसाट निघाली.

“भावजी, हात! हात!” मेहुणी ओरडली.

“साहेब, दाबा!” सर ओरडले.

“दाबला तर नापास!”

“मग नका दाबू!”

“एक काहीतरी ठरवा!”

पहिली फेरी झाली. दुसरी सुरू झाली. सर जीव तोडून पाय दाबत होते आणि सायकल जीव तोडून पळत होती. टॅक्सीवाला नळीतून बाहेर आला, त्याला सरांनी आपल्याकडे बघून अंतर ठेवून यायला सांगितलं होतं. तो बिचारा कारंज्याभोवती मागे लागला. त्याच्यामागे डॉक्टरीणबाई. त्यांच्यामागे पावाची गाडी, आणि पावाचा गरम वास सगळ्या चौकाला घिरट्या घालू लागला.

“साहेब, फेऱ्या चालतील का?” सरांनी धापा टाकत विचारलं.

“थांबायचं असं लिहिलंय. किती फेऱ्यांनंतर, ते लिहिलेलं नाही,” साहेब म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. “सावकाश ठरवा.”

तिसऱ्या फेरीला बायको पुढे सरसावली. हात, ब्रेक, केबल यातलं तिला काही कळत नव्हतं. पण तो पाय तिला टेबलाखालून चांगला परिचयाचा होता.

“अहो!” ती अशा आवाजात ओरडली की टॅक्सीवाल्याने घाबरून काच वर केली. “पाय वर घ्या! दोन्ही! वर!”

संसारात सरांनी बायकोचं सगळंच ऐकलं असं नाही, पण या आवाजाचं मुकाट्याने ऐकत. त्यांनी दोन्ही पाय पॅडलवरून उचलले आणि बाजूला हवेत फाकवले. साहेबांना वाटलं, हा परीक्षेचाच भाग आहे. त्यांनीही पाय वर केले. असे दोघे गृहस्थ, चारी पाय पंखांसारखे पसरून, कारंज्याभोवती तरंगत गेले.

पायाखाली दाबायला काही उरलं नाही. इतक्या वर्षांचा ब्रेक पोटऱ्यांत वळवळला, जागा शोधत कमरेतून पाठीत गेला, खांद्यावरून दंडात आला, आणि शेवटी सरांच्या बोटांत उतरला. बोटं मिटली. सायकल करकरली आणि कारंज्यापाशी, बायकोच्या बरोबर समोर, उभी राहिली. मग सरांनी पाय टेकला. आता टेकायचाच होता.

मागे टॅक्सी थांबली, अंतर ठेवून. डॉक्टरीणबाई थांबल्या. पावाची गाडी थांबली. कोणी हॉर्न दिला नाही. चौकात एवढी शांतता होती की साहेबांचा ठसका ओसरत गेलेला सगळ्यांना ऐकू आला.

“उत्तीर्ण,” साहेब म्हणाले. “परवाना चालू.”

बायकोने डोळे पुसले. मेहुणीने सरांच्या पाठीवर अशी थाप दिली की सायकल पुन्हा निघायची राहिली. “भावजी, थांबलात की हो!”

“थांबलो,” सर म्हणाले. त्यांचा स्वतःवर विश्वास बसत नव्हता. ते बोटं उघडत, मिटत, परत उघडत होते.

“सर,” टॅक्सीवाल्याने काच खाली केली, “आता आम्ही काय करायचं?”

सरांनी मान वर केली. टॅक्सीमागे डॉक्टरीणबाई, त्यामागे पाव, आणि अशी रांग कारंज्याला पूर्ण वळसा घालून आली होती, आणि टॅक्सीचं नाक शेवटच्या गाडीच्या शेपटीला लागलं होतं. गोल बंद झाला होता. कोणालाही कुठेच जाता येत नव्हतं. आजवर असा प्रसंग आला असता तर सगळ्यांनी तीन-तीन हॉर्न देऊन एकमेकांना भिंतीला लावलं असतं. पण चौकात भिंत नव्हती आणि हॉर्नवरचे हात सरांनीच काढायला लावले होते.

सर पुन्हा सायकलवर बसले. साहेब अजून उतरलेच नव्हते. चालू परवान्यावरचा हा पहिला तास होता, आणि विषय सरांनी यापूर्वी कधी शिकवलेला नव्हता.

“ऐका!” ते गोलाच्या मधून ओरडले. “आता कोणीतरी मागे घ्यायची. समोरच्याला जागा द्यायची. कोण घेणार?”

सगळ्यांनी विचार केला. गुरूंनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. नाही कोण म्हणणार? टॅक्सीवाल्याने मागे घेतली. त्याच क्षणी डॉक्टरीणबाईंनीही घेतली. पावाच्या गाडीने घेतली. सगळ्या गावाने एकदम, अतिशय नम्रपणे, एकमेकांना जागा देत गाड्या मागे घेतल्या, आणि तो अख्खा गोल कारंज्याभोवती उलटा फिरायला लागला.

“एकेकाने! एकेकाने!” सर ओरडत गोलाच्या आतून सायकल चालवत निघाले.

“तुम्ही आधी, डॉक्टरीणबाई,” टॅक्सीवाला मागे जात म्हणाला.

“छे, छे, तुम्ही,” डॉक्टरीणबाई मागे जात म्हणाल्या.

“मला पेशंट बघायचेत हो!” मेहुणी आपली सायकल घेऊन पुढे झाली, आणि तिला वाट द्यायला सगळा गोल आणखी थोडा मागे सरकला. ती फटीतून सरळ निघून नळीच्या चढाला लागली. मागे वळून तिने हात केला.

“कितवी फेरी ही?” मागून साहेबांनी विचारलं.

“मोजली नाही, साहेब. उतरायचंय का?”

“नाही, नाही,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी पाय वर घेतले.